कोटीची गाडी घेताना: चिखल, पाणी आणि हप्ता

या पानावर एरवी आपण ट्रॅक्टर, ठिबकचा संच, कडबाकुट्टी, मळणीयंत्र यांच्या खरेदीविषयी बोलतो. आज मोटारीविषयी बोलायचे आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे. किंमत कोटीच्या घरात, चारही चाकांना ओढ, दगडधोंड्यातून चढणारी आणि डांबरी रस्त्यावर विमानासारखी पळणारी अशी ही गाडी. कृषी खात्याच्या माणसाला या गाडीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. दहा जिल्ह्यांच्या शिवारातून तो गेला आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. वळणरस्ते, औद्योगिक वसाहती, कालवे यांसाठीही जमिनी गेल्या. मोबदल्याचा पैसा आला. कोणी त्यातून दुसरीकडे शेत घेतले, कोणी घर बांधले, मुलीचे लग्न उरकले. काहींचा पैसा मात्र चाकांवर गेला. पूर्वी पारावरची गोष्ट जीप आणि ट्रॅक्सपाशी थांबत असे, मग स्कॉर्पिओ आली, फॉर्च्युनर आली, आणि आता पोरांच्या तोंडी डिफेंडरचे नाव आहे.

ही गाडी घेऊ नका असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्याचा पैसा त्याची हौस. पण बियाण्याची पिशवी घेतानाही आपण लॉट नंबर आणि उगवणशक्ती बघतो. मग ज्या पैशात आठ-दहा एकर रान येऊ शकते त्या वस्तूची माहिती शोरूममधल्या टायवाल्या पोराकडूनच घ्यायची, हे काही बरे नाही. आणि ही गाडी विकली जाते ती चिखलमातीत चालणारी म्हणून. मातीचा विषय निघाला की आम्ही आलोच.

मुळात शेतीचेच अवजार

डिफेंडर म्हणजे इंग्लंडच्या लँड रोव्हर कंपनीची गाडी. तिचा जन्म कुठल्या राजवाड्यात झालेला नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर मॉरिस विल्क्स नावाचे रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लष्कराच्या मोडीतली विलीज जीप वापरत होते. ती मोडली तर पुढे काय, या विचारातून त्यांनी शेतकऱ्यासाठी गाडी आखली. सुरुवातीच्या नमुन्याला तर स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. पोलाद रेशनवर मिळत असल्याने पत्रा ॲल्युमिनियमचा घेतला. मागे पीटीओ, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरला मळणीयंत्र जोडतो तसा शाफ्ट जोडण्याची सोय होती. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. इंजिन १६०० सीसीचे आणि शक्ती ५० अश्वशक्ती, म्हणजे आज आपल्या गावात फिरणाऱ्या मध्यम ट्रॅक्टरएवढी. आपल्याकडची थारही त्याच विलीज जीपच्या वंशातली. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली होती. म्हणजे नात्याने दोघी चुलतबहिणीच.

जुन्या घडणीची डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत बंद झाली. लँड रोव्हर कंपनी त्याआधीच, २००८ साली, टाटा मोटर्सने फोर्डकडून विकत घेतली होती. नवी डिफेंडर २०१९ साली जगापुढे आली आणि २०२० साली भारतात. ती स्लोव्हाकिया देशात नित्रा या गावच्या कारखान्यात बनते. ‘टाटाची आहे म्हणजे इथलीच’ असा अनेकांचा समज असतो, तो दुरुस्त करून घ्या. याच कंपनीच्या रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होते, पण डिफेंडर परदेशात बनून येते. किमतीत, करात आणि सुट्या भागांच्या वाट पाहण्यात हा फरक जाणवतो.

आज या गाडीचे साधे प्रकार साधारण एक कोटीच्या आसपास सुरू होतात. सर्वात वरचा ऑक्टा नावाचा प्रकार अडीच कोटींच्या पुढे जातो. ऑक्टाचे इंजिन ४.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे, ६३५ अश्वशक्तीचे. बारा-तेरा मध्यम ट्रॅक्टर एका नांगराला जुंपावेत तशी ही ताकद. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती चार सेकंदांत गाठते. शेतावर डबा घेऊन जायला एवढी ताकद कशाला, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

ट्रॅक्टरवरून समजून घ्या

शोरूममध्ये तुमच्यावर शब्दांचा मारा होईल. घाबरू नका, त्यातले निम्मे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. ट्रॅक्टरला गिअरच्या जोडीने हाय-लोचा लिव्हर असतो. लो टाकला की वेग मरतो आणि ओढ वाढते. गाडीतले ‘लो रेंज’ म्हणजे नेमके तेच. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात नुसते गरगरू लागले की तुम्ही टाचेने डिफरन्शिअल लॉकचे पेडल दाबता आणि दोन्ही चाके एकदम ओढू लागतात. गाडीतला ‘डिफ लॉक’ म्हणजे तेच, फक्त बटणावर किंवा संगणकाच्या मर्जीवर. वळताना लॉक ठेवू नये, हा नियमही दोन्हीकडे सारखाच.

आता खरेदी करताना पहिला प्रश्न हा विचारा: गाडीला लो रेंज आहे का? नुसते ‘फोर बाय फोर’ किंवा ‘ऑल व्हील’ लिहिले म्हणजे ती डोंगर चढेल असे नव्हे. अनेक महागड्या गाड्यांना चार चाकांना ओढ असते पण लो रेंज नसते. त्या पावसाळी डांबरी रस्त्यासाठी ठीक, नांगरटीसाठी नाहीत. उलट आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या कितीतरी फॉर्च्युनर आणि थार मुळात फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आहेत. बाहेरून फरक लवकर कळत नाही. मालकालाही कळतो तो ओढ्यात अडकल्यावर! जुनी गाडी बघताना तर कागदावरचा प्रकार आणि आतला लिव्हर किंवा बटण दोन्ही पडताळून घ्या. डिफेंडरला लो रेंज आहे आणि हवेचे सस्पेन्शन असलेल्या गाडीचे पोट जमिनीपासून २९१ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ फूटभर, उचलता येते. हे खरे गुण आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हवेचे सस्पेन्शन म्हणजे रबरी पिशव्या, कंप्रेसर आणि सेन्सर. पाटा मोडला तर गावच्या लोहाराकडे काम व्हायचे, इथे ते होणार नाही.

काळी माती कोणाचीच नव्हे

परदेशातल्या जाहिरातीत गाडी वाळूतून, बर्फातून, दगडातून जाताना दाखवतात. आपल्या काळ्या रानाची जाहिरात कोणी केलेली नाही. आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणारी. उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि आर्द्रा-पुनर्वसूत तीच माती लोण्यासारखी होते. अशा मातीत टायरच्या खाचा दोन-चार फेऱ्यांत भरतात. खाच भरली की टायर गुळगुळीत, आणि मग चार चाकांना ओढ असो की आठ, सगळी एकदमच घसरतात. ट्रॅक्टरचे टायर उंच, तिरप्या गोट्यांचे असतात, ते फिरता फिरता माती झटकत जातात. रस्त्याच्या टायरला ती कला नाही. भातखाचरात तर ट्रॅक्टरलाही लोखंडी केज व्हील लावावे लागते. मग सव्वादोन-अडीच टनांची गाडी वीस इंची डांबरी टायरवर तिथे काय करणार?

म्हणून खरोखर रानात न्यायची असेल तर सगळा पैसा सनरूफ आणि चामडी सीटवर घालू नका, टायरचा प्रकार विचारा. ‘ऑल टेरेन’ म्हणतात ते टायर खोल खाचांचे असतात. रस्त्यावर थोडा आवाज करतात, लवकर झिजतात, पण मुरुमाच्या आणि ओल्या पांदणीत उपयोगी पडतात. रिम जितकी मोठी तितका टायरचा रबरी भाग कमी आणि दगडाने फुटण्याची भीती जास्त. तेव्हा दिखाऊ मोठ्या रिमऐवजी लहान रिम आणि जाड टायर मिळत असेल तर तो घ्यावा. मऊ मातीत शिरण्यापूर्वी हवा थोडी कमी करणे हा जुना उपाय इथेही चालतो, फक्त डांबरावर परत येताच ती पुरी भरली पाहिजे. कमी हवेवर महामार्गाचा वेग धरला तर टायर तापून फुटतो. आणखी एक लक्षात ठेवा. चारही चाकांना कायम ओढ असलेल्या गाडीत एकच टायर नवा टाकून भागत नाही. जुन्या-नव्यात झिजेचा फरक जास्त झाला तर मधल्या डिफरन्शिअलवर ताण येतो. म्हणजे एक फुटला की बहुधा दोन, कधी चारही बदलायचे.

आणि पेरलेल्या रानात, वाफसा नसताना ही गाडी घालण्याची हौस करू नका. एवढ्या वजनाने ओली माती दबली की खाली कडक थर धरतो. तो पुढच्या हंगामात पिकाच्या मुळांना दिसतो, तुम्हाला नाही.

फरशी पुलावरचे पाणी

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. माहितीपत्रकात लिहिलेले असते की थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, फॉर्च्युनर ७००, डिफेंडर ९०० आणि ऑक्टा तर एक मीटर. हे आकडे संथ पाण्यासाठी, घट्ट तळासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी आहेत. श्रावणात ओढ्याला आलेला लोंढा यात बसत नाही.

पाणी गाडीला दोन प्रकारे मारते. एक तर आडवा धक्का देते. दुसरे, खालून उचलते. पाणी गाडीच्या पोटाला लागले की त्यापुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला शेकडो किलोंची उचल मिळते, कारण गाडीचे पोट म्हणजे पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा तराफाच. गाडी हलकी झाली की टायरची जमिनीवरची पकड जाते, आणि मग आडव्या धक्क्याला कोणी अडवत नाही. वाहत्या पाण्यात फूटभर खोली लहान मोटारीला हलवायला पुरते आणि दोन फूट खोली बहुतेक मोठ्या गाड्यांनाही वाहून नेते, असा जगभरचा अनुभव आहे. डिफेंडरच्या आरशात पाण्याची खोली सांगणारा सेन्सर मिळतो. तो खोली सांगेल. पुढची फरशी रात्रीच वाहून गेली आहे, हे तो सांगणार नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनाही इथे एक विनंती. गावात अशा उंच गाड्या आल्या की त्यांच्या मागोमाग लहान गाड्या आणि दुचाक्याही पाण्यात उतरतात. ‘ती गेली, मग आपणही जाऊ.’ तेव्हा फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना खोलीच्या खुणा असलेला खांब आणि कडेला लाल-पांढरे दगड पावसाळ्यापूर्वी रंगवून घ्या. पाणी फरशीवर आले की दोरी बांधून रस्ता बंद, मग गाडी कोणाचीही असो. नेत्याची असली तरी.

गाडी संथ पाण्यात उतरून आलीच, तर ब्रेक हलके दाबत कोरडे करावेत आणि डिफरन्शिअलचे तेल तपासून घ्यावे. तेल दुधाळ दिसले तर पाणी गेले, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जाते. हे नुकसान साध्या संपूर्ण विम्यात सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जादा जोड घ्यावी लागते. विमा काढताना तेवढे नाव घेऊन विचारा.

गाडीतला युरिया आणि गोणीतला युरिया

२०२० सालच्या एप्रिलपासून आपल्याकडे बीएस-६ नियम आहेत. नव्या मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीजवळच दुसरी लहान टाकी असते. तिच्यात डीईएफ नावाचे द्रव घालावे लागते. हे दुसरे तिसरे काही नसून ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त शुद्ध पाणी. धुरातले विषारी वायू मारण्यासाठी ते लागते. ही टाकी पूर्ण रिकामी झाली तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

आता मला ठाऊक आहे, कोणाच्या तरी डोक्यात लगेच येईल की युरियाची गोणी घरात पडलीच आहे, दोन मुठी बादलीत विरघळवू. मुळीच करू नका. आपला शेतीचा युरिया २०१५ पासून सर्व निमलेपित आहे. त्यातले निमतेल आणि अशुद्धता फवारणीचे बारीक नोझल आणि पुढची जाळी बुजवतात, आणि ती दुरुस्ती लाखांत जाते. दुसरे म्हणजे तो युरिया सरकारी अनुदानाचा आहे. पिकाऐवजी दुसऱ्या कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही गाडीसाठी युरिया मागणाऱ्याला परत पाठवावे.

डिझेल इंजिनाची आणखी एक खोड आहे. धुराची काजळी अडवणारी गाळणी एक्झॉस्टमध्ये असते. गाडी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारखी चालली की काजळी जळून जाते. पण घरापासून बाजार समिती चार किलोमीटर, तिथून सोसायटी दोन किलोमीटर, अशाच फेऱ्या होत राहिल्या तर गाळणी भरत जाते आणि दिवा लागतो. ज्याचा वापर गावातल्या गावात आहे त्याने हे आधी ध्यानात घ्यावे. शेतावरच्या पिंपातले, दोन महिने उघड्यावर पडलेले डिझेलही या इंजिनाला चालत नाही. ट्रॅक्टर सोसतो, ही सोसत नाही. पेट्रोल गाडी घेणार असाल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती चालते असे टाकीच्या झाकणावर लिहिले आहे का ते पाहा. आपल्याच उसाचे इथेनॉल, त्याला नाही म्हणून कसे चालेल!

बंद पडली तर

अशा गाडीला धक्का मारून सुरू करता येत नाही. गिअर स्वयंचलित असतात. दोन चाके उचलून ओढूनही न्यायची नाही, चारही चाके वर घेणारी सपाट गाडी मागवावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी एक काम करा. अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती किलोमीटर आहे ते लिहून काढा आणि सुटा भाग मागवला तर किती दिवसांत येतो ते लेखी विचारा. काच, दिवा, आरसा, बंपर या रोज धक्का लागणाऱ्या चार वस्तूंच्या किमती विचारा. एका उत्तम हेडलाइटच्या किमतीत दुभती म्हैस येते.

चिखलात रुतली की आपल्याकडे ट्रॅक्टर बोलावून साखळी बांधतात. बांधा, पण गाडीला ओढण्यासाठी कंपनीने दिलेला हूकच वापरा. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला साखळी अडकवू नका. जोरात झटका देऊन ओढू नका. ताणलेली साखळी तुटली तर तिचा फटका माणूस मारतो. बघ्यांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभे करा, विशेषतः पोरांना.

पुढे लोखंडी गज बसवण्याची हौस सोडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ साली राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचे कळवले होते. धडक झाल्यावर पुढचा पत्रा चुरून धक्का शोषतो आणि सेन्सर एअरबॅग उघडतो. गजाने ते दोन्ही बिघडते, आणि पायी चालणाऱ्याला तर तो घातकच.

हप्ता टनात मोजा

आता खर्च. वाटते तसा डिझेलचा खर्च सर्वात मोठा नसतो. वर्षाला १५ हजार किलोमीटर, लिटरला दहाचा ॲव्हरेज आणि ९० रुपये भाव धरला तर वर्षाला १ लाख ३५ हजार रुपये होतात. खरा खड्डा दुसरीकडे आहे.

एक कोटी ही शोरूमची किंमत. त्यात जीएसटी धरलेला असतो. मोठ्या गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी वाहन कर वेगळा. वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. परदेशातून बनून आलेल्या गाडीचा दर चढा असतो. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. म्हणजे कोटीच्या गाडीला पंधरा लाखांच्या वरच धरा. ‘दुसऱ्या राज्यात पासिंग करू, कर वाचतो’ असे सांगणारे एजंट भेटतात. गाडी वर्षाहून अधिक काळ इथे राहिली तर नोंदणी इथे करून कर इथे भरावा लागतो, मग ती बचत कसली? दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का आयकर गोळा करतो. कोटीला एक लाख. हा पैसा बुडत नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून मागता येतो. मात्र खात्याला तुमच्या खरेदीची नोंदही तिथेच मिळते. आणि रोखीने दोन लाख किंवा जास्त कोणी मागितले तर देऊ नका, ते कायद्यात बसत नाही.

समजा ८० लाखांचे कर्ज काढले, व्याज ९ टक्के आणि मुदत ७ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख २८ हजार ७०० रुपये येतो. सात वर्षांत नुसते व्याज २८ लाखांच्या वर जाते. हे रुपये डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून उसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी आहे. तोडणी-वाहतूक जाऊन हातात २,७०० पडले असे धरा. मग एका हप्त्याला ४७-४८ टन ऊस लागतो. एकरी ४० टन पिकला तरी महिन्याला सव्वा एकराच्या आसपास. वर्षाचे हप्ते म्हणजे चौदा एकर ऊस, आणि त्यात खत, पाणी, मजुरीचा एक रुपयाही धरलेला नाही. हे सात वर्षे. हुमणी लागली, पाऊस लांबला, कारखान्याने बिल थकवले तरी हप्त्याची तारीख तीच.

दुसरीकडे गाडीची किंमत घटत असते. विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणे पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के घट धरतात, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. पाच वर्षांत कोटीचे पन्नास लाख, कर्ज मात्र अजून दोन वर्षे बाकी. जमीन तारण ठेवून किंवा पीक कर्जाची उचल फिरवून ही गाडी घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

एक लहान बाब. कुटुंबातल्या कोणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर ‘माझी लाडकी बहीण’ योजनेच्या अटीत ते कुटुंब बसत नाही. कोटीची गाडी घेणाऱ्याने त्या पंधराशे रुपयांचे दुःख करू नये हे खरे. पण हौसेपोटी दुसऱ्याची गाडी आपल्या नावावर करून घेणारेही असतात. त्यांनी सावध राहावे.

जुनी गाडी निम्म्यात मिळते म्हणून

हप्ता सोसला नाही की या गाड्या तीन-चार वर्षांत बाजारात येतात. निम्म्या किमतीची जुनी गाडी मोहात पाडते. किंमत निम्मी झाली तरी तिचा सुटा भाग निम्म्यात मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुराच्या पाण्यातली गाडी असेल तर बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ सापडते. गालिचा उचलून वास घ्या. सस्पेन्शन पूर्ण वर करून गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा, सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर हवा गळते आहे. सर्व्हिसचा इतिहास गाडीच्या चेसिस नंबरवर अधिकृत केंद्रातून काढून घ्या, दलालाच्या वहीवर जाऊ नका. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ बँकेच्या पत्रासह, आणि परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची ना हरकत. हे कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

रात्रीचा रस्ता

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हा नियम कोटीच्या गाडीलाही सुटलेला नाही. चार चाकांची ओढ पळायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांचे असतात.

आणि आपल्या जिल्हा रस्त्यांवर ऊस हंगामात काय चालते ते तुम्ही जाणता. दिव्याविना दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना रिफ्लेक्टर ना लाल कापड, पुढे पहाटेच्या धुक्यात बैलगाड्यांची रांग. चार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीला ती रांग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नुकतेच लायसन्स मिळालेल्या मुलाच्या हाती चावी देण्यापूर्वी ही गाडी त्याला रिकाम्या मैदानावर जोरात ब्रेक लावून, लो रेंज टाकून, उतारावर उतरवून शिकवावी. गाडीची कंपनी असे प्रशिक्षण देते का, ते खरेदीच्या वेळीच विचारावे. सोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही त्याच आठवड्यात लावून घ्याव्यात. खर्च फारसा येत नाही, आणि रात्री मागून येणारी भरधाव गाडी आपल्याच घरची असू शकते.

ताबा घ्यायला जाताना दिवसाउजेडी जा. चेसिस नंबर कागदाशी जुळवा, बनावटीचा महिना आणि वर्ष पाहा, स्टेपनी, जॅक, ओढायचा हूक आणि दुसरी चावी मोजून घ्या. लो रेंज एकदा तिथेच टाकून दाखवायला सांगा. आणि निघण्यापूर्वी घराच्या फाटकाची रुंदी मोजून ठेवलेली असू द्या. गाडी दोन मीटर रुंद आहे, आणि वळायला तिला पावणेतेरा मीटरच्या आसपास जागा लागते. गावच्या जुन्या बोळात तेवढी जागा मिळतेच असे नाही.